आय सेव्हन की आय थ्री? दोन पीसींची तुलना करताना नक्की बघायचं काय

"माझ्याकडे आय ७ आहे, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक कार्ड." एवढ्यावरून कुणाचा पीसी भारी ते ठरत नाही. इकडे कुडाळ म्हणा, मालवण म्हणा, रत्नागिरी म्हणा, चार पोरं जमली आणि विषय कॉम्प्युटरवर गेला की हेच तीन आकडे फेकले जातात, आणि गणपतीत तर मुंबई-पुण्याचे भाऊ लॅपटॉप घेऊनच येतात, मग आरती आटोपली की पडवीत "माझो आय सेव्हन आसा, तुझो आय थ्रीच मा?" सुरू. आणि ज्याच्याकडे आय ३ आहे तो बिचारा गप्प बसतो, जरी त्याचंच मशीन जास्त फास्ट असलं तरी. म्हणून हे सगळं एकदा नीट सांगावं म्हटलं, कारण या तीन आकड्यांवर विश्वास ठेवून लोक चाळीस-पन्नास हजार घालतात.

प्रोसेसरपासून, म्हणजे पीसीतल्या सगळं काम करणाऱ्या मुख्य चिपपासून सुरू करू. आय ३, आय ५, आय ७ या इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या पायऱ्या आहेत हे खरं, पण त्या फक्त त्या त्या पिढीपुरत्या. २०११ चा आय ७ २६०० घ्या. चार कोर, म्हणजे आत काम करणारे चार भाग, आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामांच्या रांगा. आणि २०२२ चा आय ३ १२१०० घ्या. त्यालाही चार कोर, आठ थ्रेड. कागदावर सारखेच. स्पीड बघितला तर एक ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि दुसरा ४.३ पर्यंत, म्हणजे फरक जेमतेम तेरा टक्के. पण सिनेबेंच ही स्पीड मोजायची टेस्ट लावून एका कोरचा स्कोर काढा, आय ३ चा जवळपास दुप्पट येतो. असं का, तर गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ठोके किती पडतात तेवढंच, एका ठोक्यात काम किती होतं ते त्यात दिसत नाही, आणि दहा-अकरा वर्षांत सुधारणा झाली ती मुख्यतः तिथेच. म्हणून कुणी आय ७ सांगितला की पुढचा प्रश्न एकच, पूर्ण नंबर काय? १२१०० मधले पहिले दोन आकडे बारा म्हणजे बारावी पिढी, २६०० मधला पहिला दोन म्हणजे दुसरी. २०२३ च्या शेवटापासून इंटेलने 'कोअर अल्ट्रा' असं नवं नाव आणलंय, तिथे हा हिशोब जरा बदलतो, पण आपल्याकडे हातोहाती फिरणारी मशीनं अजून जुन्या नावांचीच जास्त आहेत.

नंबरच्या मागचं अक्षर पण वाचायचं. डेस्कटॉपला 'एफ' असेल तर आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही, स्वस्त मिळतो म्हणून १२४००एफ घेऊन येतात आणि मग मॉनिटर काळा का म्हणून विचारत बसतात. 'के' म्हणजे ओव्हरक्लॉक करता येतो, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवता येतो. लॅपटॉपला 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, 'एच' म्हणजे ताकदीचा. आय ५ १२३५यू ला दहा कोर आहेत आणि आय ५ १२४५०एच ला आठच, तरी व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला बसलात तर साधारण आठवालाच पुढे जातो, कारण १२३५यू च्या दहामधले मोठे कोर फक्त दोन आणि आठ छोटे, आणि तो बनवलाय १५ वॉटच्या हिशोबाने, तर १२४५०एच ला मोठे कोर चार आणि हिशोब ४५ वॉटचा. कोर मोजून उपयोग नाही, कोणते कोर ते बघा.

एएमडीवाल्यांनी, म्हणजे इंटेलच्या स्पर्धक कंपनीचा प्रोसेसर असलेल्यांनी, खूश व्हायचं कारण नाही, तिकडेही हीच गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू नाव बघून वाटतं की सात हजारवाला आहे म्हणजे नवाच. पण त्या नावात तिसरा आकडा बघायचा असतो, तो दोन आहे, म्हणजे आतलं डिझाईन झेन २, जे बाजारात आलं २०१९ ला. चिप नवी, आराखडा जुना. कामं होतात त्यावर, नाही असं नाही, पण जो माणूस सात हजार बघून पैसे मोजतो त्याला हे आधी माहीत असायला हवं.

आता मुख्य गोष्ट, जी समजली की बाकीचं आपोआप समजतं. पीसी म्हणजे मुंबई-गोवा हायवे. पनवेलपासून कितीही लेन करा, घाटात एक ट्रक आडवा झाला की मागच्या सगळ्या गाड्यांचा स्पीड त्या ट्रकचाच. मशीनमध्ये हा घाट कुठे आहे ते कामावर ठरतं. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, बिलं, टॅली, ब्राउजरमध्ये दहा टॅब असं काम असेल तर घाट बहुतेक वेळा हार्ड डिस्क असते. दशावताराचे प्रयोग शूट करून चॅनलवर टाकत असाल तर प्रोसेसर आणि रॅम. गेम खेळत असाल तर ग्राफिक कार्ड. म्हणून 'कुणाचा पीसी भारी' हा प्रश्नच अर्धा आहे, कशासाठी भारी ते आधी बोला.

हार्ड डिस्कचं लवकर संपवतो कारण त्यात वादच नाही. फिरणारी डिस्क मोठी फाईल सलग वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, ठीक वाटतं, पण विंडोज चालू होताना हजारो बारीक बारीक फाईली इकडून तिकडून उचलायच्या असतात, आणि असे उचलण्याचे फेरे ती सेकंदाला शंभरच्या आसपासच मारू शकते. एसएसडी म्हणजे फिरणारा भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, आणि साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी हेच हजारोंनी करते. त्यामुळे जुन्या मशीनला एसएसडी टाकणं यापेक्षा पैसे वसूल करणारं दुसरं काम मला माहीत नाही. त्यापुढे साटाची ५५० एमबी आणि एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीची साडेतीन हजार किंवा सात हजार एमबी हा फरक रोजच्या कामात फारसा जाणवत नाही, मोठ्या व्हिडिओ फाईली हलवणाऱ्यालाच जाणवतो. आणि एम.२ हा फक्त आकार आहे, एम.२ मध्येही साटा एसएसडी मिळते, त्यामुळे "माझी एम.२ आहे" याने काही सिद्ध होत नाही.

रॅममध्ये, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायच्या मेमरीत, लोक जीबी सांगतात, स्टिक (रॅमच्या पट्ट्या) किती ते सांगत नाहीत. सोळाची एक आणि आठ-आठच्या दोन यात मोठा फरक आहे. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक प्रोसेसरला सेकंदाला २५.६ जीबी पोचवते, दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावल्या की ५१.२. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर याचा परिणाम कमी दिसेल, पण रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर, ज्याचं ग्राफिक्स आतच आहे, तो हीच रॅम ग्राफिक्सलाही वापरतो, त्यामुळे एका स्टिकवर गेम अडखळतो आणि दोनवर तोच गेम बराच सुधारतो. एकच मॉडेल घेतलेले दोघं मित्र, दोघांकडे सोळा जीबी, आणि एकाचा गेम चालतो दुसऱ्याचा नाही, असं कधी दिसलं तर आधी कॅबिनेट उघडून स्टिक मोजा. दुसरं म्हणजे ३२०० लिहिलेली रॅम घातली म्हणून ती ३२०० वर चालतेच असं नाही, बऱ्याच वेळा २१३३, २४०० नाहीतर २६६६ वर बसलेली असते, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला लिहिलेल्या स्पीडवर चालवणारी सेटिंग, चालू करावी लागते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीड दिसतो, आत्ता बघून या, लेख कुठे पळत नाही.

आता ग्राफिक कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र बनवणारं कार्ड, जिथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. 'चार जीबीचं कार्ड' हे वाक्य पूर्णपणे निरुपयोगी आहे. जीटी ७३० चार जीबीत मिळतं, जीटीएक्स १६५० पण चार जीबीत. पहिलं २०१४ चं. त्याचं ६४-बिट डीडीआर३ मेमरीवालं व्हर्जन सेकंदाला १४.४ जीबी डेटा हलवतं, तर २०१९ चं १६५० हलवतं १२८ जीबी. जवळजवळ नऊपट. वर चिप वेगळी ती वेगळीच. जीबी म्हणजे माल ठेवायला जागा किती, काम किती भराभर होतं ते नाही. अजून एक उदाहरण देतो कारण हे डोक्यात पक्कं बसायला हवं, आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी मेमरी आहे आणि ३०६० टीआय ला ८ च, पण गेममध्ये टीआय पुढे असतं, कारण त्याचे कोर ४८६४ आणि दुसऱ्याचे ३५८४, मेमरीचा वेगही ४४८ विरुद्ध ३६० जीबी. मात्र एखादं मोठं एआय मॉडेल घरच्या घरी चालवायचं असेल तर तीच १२ जीबी कामाला येते आणि स्वस्तातलं ३०६० तिथे जिंकतं.

लॅपटॉपमध्ये तर एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या ताकदीचं असतं. लॅपटॉपचं आरटीएक्स ३०५० कंपनी ३५ वॉटवर पण चालवू शकते आणि ८० वॉटवर पण. पातळ, हलका, देखणा लॅपटॉप असेल तर समजा वॉट कमी असणार. नाव सारखं म्हणून दोन लॅपटॉप सारखे धरू नका, वॉट किती ते मॉडेलच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर शोधा, तिथे नसेल तर ज्याच्याकडे तो आहे त्याला जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघायला सांगा.

आणि एफपीएस (गेममध्ये सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) सांगताना रिझोल्युशन सांगा रे बाबांनो. १०८० पीला स्क्रीनवर साधारण २०.७ लाख ठिपके असतात, फोर केला ८२.९ लाख, बरोब्बर चौपट. एक जण १०८० पीवर सेटिंग खाली करून शंभर एफपीएस सांगतोय आणि दुसरा फोर केवर सगळं अल्ट्रा ठेवून साठ, तर कमी आकडेवाल्याचं कार्ड जास्त ताकदवान असण्याची शक्यताच मोठी.

तुलना करायचीच तर टेस्ट एकच असू दे, आणि टेस्टचं व्हर्जन पण एकच. सिनेबेंच आर२३ चा स्कोर हजारांत येतो, सिनेबेंच २०२४ चा शेकड्यांत, दोन्ही शेजारी ठेवले तर अर्थ शून्य. आर२३ मध्ये मूळ सेटिंगला टेस्ट किमान दहा मिनिटं चालते, ती तशीच ठेवा, कमी करू नका. कारण पहिल्या मिनिटाला सगळेच हिरो असतात. आय ५ १२४०० वर ६५ वॉट लिहिलेलं असतं पण जोर लावला की तो ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो, आणि ती सगळी वीज शेवटी गरमी बनून बाहेर पडते, ती बाहेर काढता आली नाही की प्रोसेसर स्वतःच स्पीड उतरवतो.

इथून पुढे आपला कोकण आलाच. कुलर कितीही महाग असला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती अंश हे ठरवतो. पुण्यात एसी लावून २४ अंशांच्या खोलीत कुणाचा प्रोसेसर ७० वर थांबत असेल तर तेच मशीन मे महिन्यात दुपारी, पत्र्याखालच्या खोलीत ३४ अंशांत साधारण ८० वर जाणार. मशीन बिघडलेलं नाही, हवाच दहा अंशांनी वर आहे. म्हणून तापमान सांगताना खोलीचं तापमान पण सांगायचं, नाहीतर पुण्याच्या भावाचा आकडा बघून इकडचा माणूस उगाच नवा कुलर घेतो.

आणि ही गोष्ट कुठल्याच स्पेक शीटवर नसते म्हणून जरा थांबून सांगतो. खारं वारं. समुद्राजवळ हवेत मिठाचे बारीक कण असतात, ते फॅनबरोबर कॅबिनेटमध्ये जाऊन बोर्डवर, स्लॉटवर बसतात. सुकं असेपर्यंत मीठ काही करत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं, स्वयंपाकघरात पावसाळ्यात मिठाची बरणी बघितली असेलच. आणि मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, तांब्याला गंज चढवतं. जून ते सप्टेंबर इकडची हवा बहुतेक वेळ त्या ७५ च्या वरच असते. आता गंमत बघा, मशीन चालू असताना आत गरम असतं, गरम हवेत तीच वाफ असली तरी आर्द्रतेचा टक्का उतरतो, त्यामुळे रोज चालणारं मशीन बऱ्यापैकी सुकं राहतं. सगळ्यात हाल होतात ते बंद घरातल्या पीसीचे. घर कुलूप लावून मुंबईला गेलेत, पीसी जूनपासून बंद, गणपतीला येऊन बटण दाबलं की फॅन फिरतो, स्क्रीनवर काही नाही, एखादी बीप. लगेच बोर्ड गेला म्हणून घाबरू नका. मेन स्विच बंद करून वायर काढा, रॅमची स्टिक काढा, सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हाताने घासा, रबराचा चुरा ब्रशने झाडा, परत टक आवाज येईपर्यंत बसवा. सोनेरी दातांवर काळपट-हिरवट झाक दिसत असेल तर तीच तुमची बिघाडाची जागा. यातून कितीतरी 'मेलेली' मशीनं उठतात. शेजारी कुणी असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर चालू करायला सांगून ठेवा.

कोकण रेल्वेच्या एसी डब्यातून उतरलात तर लॅपटॉप लगेच बाहेर काढू नका. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत साधारण २७ अंशांखालची कुठलीही वस्तू आली की तिच्यावर दव धरतं, तुमचा लॅपटॉप बाविसावर असतो. बॅगेतच तासभर राहू दे.

मुंग्या आणि पाली पण येतात, उबेला. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागच्या जाळीतून पाल आत गेली की दोघंही जातात, पाल पण आणि एसएमपीएस पण. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या ठेवू नका, जाळी लावा, आणि जांभ्याची लाल धूळ महिन्यातून एकदा ब्लोअरने काढा, फॅन बोटाने धरून.

लाईटचं म्हणाल तर एसएमपीएसची तुलना बाहेर लिहिलेल्या वॉटवर करूच नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टचा रकाना शोधा. तिथे ३५ अँपिअर असेल तर १२ गुणिले ३५ म्हणजे ४२० वॉट खरे. तिथे १५ असेल तर १८०, मग डब्यावर ४५० का लिहिलेलं असेना, प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर जगतात. त्याच लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असेल तर गावात संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं तरी तो निभावतो, २०० ते २४० वाला तिथेच मान टाकतो. यूपीएसवर ६०० व्हीए लिहितात, ते ६०० वॉट नाहीत, बहुतेक ३६० च असतात, आणि आत १२ व्होल्ट सात अँपिअरतासांची छोटी बॅटरी, त्यामुळे गेमिंग पीसीला ती सेव्ह करून बंद करण्यापुरती काही मिनिटं देते. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा, कारण लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टरने त्याच्या आत सूत्रं घेतली नाहीत की मशीन रिस्टार्ट. आणि मे महिन्यात नाहीतर ऑक्टोबरला गडगडायला लागलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा आणि इंटरनेटची वायर पण काढा, तांब्याच्या लॅन वायरमधूनही वीज आत येऊन बोर्ड घेऊन जाते. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जांभ्याच्या कातळात उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं.

म्हणून माझं ठाम मत आहे, कोकणात पन्नास हजारांचं बजेट असेल तर ग्राफिक कार्ड एक पायरी खालचं घ्या आणि ते पैसे चांगल्या एसएमपीएसला आणि यूपीएसला द्या. दोन एफपीएस कमी दिसतील पण मशीन चौथा पावसाळा बघेल.

सेकंडहँडबद्दल पण विचारतात. ऑफिसमधून निघालेले छोटे ब्रँडेड डेस्कटॉप, ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर, हे शिकणाऱ्या पोरांसाठी खरंच चांगले. पण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा आय ७ स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका, त्यापेक्षा आठव्या पिढीचा आय ५ ८४०० घ्या, त्याला तर सहा कोर आहेत. या मशीनच्या एसएमपीएसला बऱ्याच वेळा कार्डासाठी वेगळी वायर नसते, म्हणजे कार्ड जगणार ते स्लॉटच्या ७५ वॉटवर, तेव्हा १६५० चं बिनवायरचं मॉडेलच शोधा, आणि कॅबिनेट बारकं असेल तर बुटकं कार्ड. दुकानात उभं राहूनच सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर लावून प्रोसेसरचा पूर्ण नंबर बघा, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत बघा, झाकण उघडून स्लॉटच्या कडांना आणि स्क्रूंना हिरवट-पांढरी बुरशीसारखी भुकटी धरलीय का ते टॉर्चने बघा. धरली असेल तर ते मशीन किनाऱ्यावरच कुठेतरी बंद पडून होतं, किंमत कितीही कमी सांगितली तरी ते सोडून द्या.